मायच्या हिरड्या

देवेंद्रदादा,

मायच्या छातीत कळ येऊन राहिली. केशोरीच्या डॉक्टरनं ईसीजी काढला आणि लगेच गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात न्या म्हटलं. कपडे घ्यायले मी घरी आली, आता निघून राहिली. तुझा फोन लागत नाही.

डॉक्टरनं तिच्या हिरड्यांतला पू पाहिला. हिरड्यांचा जुना आजार हृदयालेही बाधू शकते, याच्यानंच झालं असं नाही, पण तिथं नक्की सांगा म्हणे.

काऊन सांगितलं नाही म्हणून मायवर चिडू नको. हिरड्यांतून रक्त येते म्हणून तिनं होळीलेच सांगितलं होतं. तू म्हटलं, म्हातारपणी दात हलतेच.

माय गाडीतून विचारून राहिली, "देवेंद्र येते ना?"

मी हो म्हटलं. ये.

संध्या