घराला अर्थच नाही

३ मार्च

रथ आला! अश्वविरहित, धूम्रविरहित, ध्वनिविरहित. इतका निःशब्द, की मागे घेताना फाटकाला टेकला तरी फाटकालाही पत्ता लागला नाही. जुनी पेट्रोलभक्षक गाडी बदल्यात देऊन टाकली – परतीचे दोर स्वहस्ते कापले. अर्धांगिनीने रथाभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "हिला खायला काय घालायचं?"

उद्या वायरमन येत आहे. पुढच्या भिंतीवर चार्जरची प्रतिष्ठापना.

४ मार्च

प्रतिष्ठापना झाली. प्राणप्रतिष्ठा झाली नाही.

वायरमन स्थूल, प्रसन्न, कानामागे पेचकस खोचलेला. प्रत्येक विधानाच्या अंती "विषय संपला" म्हणण्याची त्याला खोड आहे. चार्जर भिंतीवर चढवला, बटण दाबले. लाल दिवा. पुन्हा दाबले. पुन्हा लाल. मग त्याने विजेच्या फलकात, मीटरच्या खोक्यात, न्हाणीघरात टेस्टर खुपसून पाहिला, आणि बाहेर येऊन सहज म्हणाला,

"साहेब, तुमच्या घराला अर्थच नाही."

मी खुर्चीत बसलो. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला असे वाक्य उभ्याने ऐकवू नये.

स्वयंपाकघरातून आवाज आला – "मी कधीपासून सांगतेय!"

मागाहून उलगडा झाला. अर्थ म्हणजे अर्थिंग. जमिनीत खड्डा करून पट्टी पुरतात, तिला हिरवी तार जोडतात. वीज कुठे भरकटली तर त्या वाटेने गुपचूप मातीत जाते. चार्जर मोठा शिस्तीचा प्राणी – अर्थ सापडल्याविना कार्यारंभच करीत नाही.

"मग इतकी वर्षं हे घर चाललं कसं?"

"चालतात हो घरं. बरीचशी अशीच चालतात. विषय संपला."

फ्रीजला हात लावल्यावर ज्या झिणझिण्या येत, त्यांना मी वार्धक्याचे पूर्वलक्षण मानत आलो होतो. फ्रीज तर चक्क चावत होता!

५ मार्च

हिरव्या तारेचा शोध. वायरमन पुढे, मी मागे, माझ्यामागे झाडू घेऊन अर्धांगिनी. तार फलकातून निघते, माळ्यावरून जाते, मधल्या भिंतीपाशी येते – आणि तिथे तिचा शिरच्छेद झालेला!

वडिलांनी हे घर अखंड बांधले. त्यांच्या पश्चात आम्हा दोघा बंधूंत त्याचे दोन भाग झाले. घरातून अंगणापर्यंत भिंत उभी राहिली, पुरुषभर उंचीची. ती बांधताना गवंड्याने तार आड आली म्हणून तोडली असावी. खड्डा राहिला पलीकडे.

"अर्थ तुमच्या दादांकडे राहिला, साहेब."

दादाकडे! साऱ्या भूतलावर नेमका दादाकडेच! दादा हा माझा ज्येष्ठ बंधू, निवृत्त गणितशिक्षक, आजन्म ब्रह्मचारी. भिंत नेमकी कुठून जावी या विषयावर मी त्या काळी एक सांगोपांग निरूपण केले होते. त्याने ते संपूर्ण ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि गवंड्यादेखत म्हणाला, "तुझ्या बोलण्याला काही अर्थ नसतो."

त्या दिवसापासून अबोला. आणि आज एका वायरमनने येऊन त्याच्या त्या विधानावर शासकीय असावा तसा ठसा उमटवला!

६ मार्च

पर्यायी योजना : स्वतःचा स्वतंत्र अर्थ. लाचारी नको. अंगणातल्या फरशा उचकटल्या, पहार मारली. ठिणगी उडाली. खाली अखंड कातळ.

"खणून उपयोग नाही, साहेब. तुमच्याकडे खोलीच नाही."

एकाच आठवड्यात निरर्थक आणि उथळ!

८ मार्च

रथाच्या देहात नऊ टक्के प्राण. बाजारापर्यंत जाणे शक्य. परत येणे हा श्रद्धेचा विषय.

९ मार्च

आज गच्चीवरून दृष्टीस पडले – दादाच्या अंगणात दोन अनोळखी माणसे मोजपट्टी लावून भिंत मापत होती. एकाने वहीत काही टिपले. दादा बाजूला हाताची घडी घालून उभा.

ध्यानात आले! हाही चार्जर बसवतो आहे. जन्मात सायकलीपलीकडे वाहन न ठेवलेला मनुष्य, केवळ मी रथ आणला म्हणून! ज्येष्ठत्वाचा माज, दुसरे काय!

अर्धांगिनी म्हणाली, "तर्क कसले लढवताय? भावोजींना सरळ जाऊन विचारा की. जीभ झिजेल का?"

"माझी जीभ झिजेल, ही शंका तुला तरी यावी?"

"ती झिजावी म्हणून तर पाठवतेय."

१० मार्च

जाण्याचे निश्चित केले. पूर्वतयारी म्हणून रथापुढे उभे राहून भाषण म्हणून पाहिले. आरंभी पंचमहाभूते, मध्यभागी भ्रातृभाव, अंती पृथ्वीवर कोणा एकाची मालकी नसते हा सिद्धान्त. बरे वठले. रथ निःशब्द.

"अहो, भाषणावर चार्ज होते का तेही बघून घ्या," – खिडकीतून.

११ मार्च

गेलो! फाटक उघडले. दादा पायरीवर बसून शेंगा सोलत होता. केस पार पांढरे झालेत. मी घसा साफ केला.

"प्रस्तावना काल भिंतीवरून ऐकली," तो म्हणाला. "मुद्द्याला ये."

पंचमहाभूते एका क्षणात विरली. माझ्या मुखातून एवढेच निघाले – "दादा, मला अर्थ हवा आहे."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळले. "या वयात?"

मग शेंगांचे ताट बाजूला सारले आणि आत जाऊन कुदळ घेऊन आला. खड्ड्यावर माती बसली होती. ती त्याने स्वतःच उकरायला घेतली. मला हात लावू दिला नाही. "तू बोल," म्हणाला, "खणतो मी." मला बोलायला काही सुचेना. खड्ड्यात पट्टी जशीच्या तशी निघाली.

१२ मार्च

भिंतीतून तार ओढायची म्हणून वायरमनने भोक पाडले. पेन्सिलीएवढे हवे होते; विटा जुन्या, डोके शिरेल एवढे भगदाड पडले. "हवा खेळती राहील," म्हणाला. "विषय संपला."

तार जोडली. बटण दाबले. हिरवा दिवा! अर्धांगिनीने टाळ्या वाजवल्या. फ्रीजला सर्वांनी आळीपाळीने हात लावून पाहिला. सज्जन झाला आहे.

विजयोन्मादात भगदाडाशी वाकलो. पलीकडे दादाचा चष्मा.

"तुझा चार्जर केव्हा बसतोय?" मी उदारपणे विचारले.

"कसला चार्जर? गाडी कुठाय मला?"

"मग ती मोजपट्टीवाली मंडळी?"

"गिऱ्हाइकं. विकतोय ही बाजू. चार समवयस्क असतील अशा ठिकाणी खोली बघितलीय."

"का पण?"

"बोलायला कोणी नाही रे इथं."

"मी होतो की!"

"होतास ना. गाडीशी बोलत होतास." चष्मा पुसला. "भाषण चांगलं होतं. शेवट लांबला."

१३ मार्च

लिहिण्यासारखे काही सुचत नाही. माझ्या बाबतीत ही ऐतिहासिक घटना होय.

१४ मार्च

वायरमन भगदाड बुजवायला आला. अर्धांगिनीने फाटकातूनच परतवला. मी त्याला विचारले, नव्या मालकाने तार कापली तर?

"मग विषय पुन्हा सुरू, साहेब."

रथ शंभर टक्के भरला आहे. कुठेही जावेसे वाटत नाही.

१६ मार्च

सकाळी गिऱ्हाइके आली. भगदाडातून ऐकले – होय, कान लावून! व्यवहार ठरत आला होता. जाता जाता एकाने विचारले, ही हिरवी तार कसली?

"अर्थाची," दादा म्हणाला. "माझा आणि धाकट्याचा अर्थ सामायिक आहे. तो तोडता येणार नाही. तसं लिहून देणार असाल तर बोला."

गिऱ्हाइके गेली. फाटक वाजले. पलीकडे बराच वेळ नुसती शेंगा सोलल्याची टकटक.

मी भगदाडाशी तोंड नेले. प्रस्तावना नाही, सिद्धान्त नाही. नुसते "दादा" म्हणालो.

टकटक थांबली.

"कळला अर्थ," तो म्हणाला. "आता पुढं बोल."