आमटीत काही घातलेलं नाही

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या मळ्यावर आता इमारत उभी आहे. तरी काल आमटीला फोडणी देताना तुमच्याशी बोलावंसं वाटलं. भांडायला नाही. काही गोष्टी ठीक झाल्या, त्या तुम्हाला कळायच्या राहिल्या, म्हणून.

आई गेल्यापासून चूल तुम्हीच सांभाळलीत. पहाटे शेवंती खुडायची, फूलबाजारात टाकून यायची आणि आल्या आल्या कणीक मळायला बसायचं. मी डी.एड.ला होते तेव्हा विहिरीवरच्या मोटारीच्या आवाजात मला बायका बोलताना ऐकू यायला लागल्या. माझं नाव घेऊन हसायच्या. मग वाटायला लागलं, कुणीतरी मला जेवणातून काहीतरी देतंय. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी जीभ जड व्हायची, दिवस झोपेत जायचा. जरा बरं वाटलं की मी गोळी गालात धरायचे आणि मोरीत थुंकायचे. तुमच्या ते लक्षात आलं, आणि मग रोज सकाळी तुम्ही समोर उभे. "तोंड उघड. जीभ वर कर." लग्नाच्या वयाची मुलगी मी, आणि बाप माझ्या तोंडात वाकून बघतोय. तुम्हालाही ते सोसायचं नाही. बघून झालं की माझ्याकडे पाठ करून तुम्ही वाफ्यात निघून जायचात.

एक दिवस हे तपासणं थांबलं, आणि आमटी कडू लागायला लागली. मी ताट सारलं. तुम्ही म्हणालात, "मेथी जास्त पडली आसंल." त्यानंतर मी घरचं जेवणच सोडलं. केळी, भुईमुगाच्या शेंगा, ज्याची साल आपल्या हातानं काढता येते तेवढंच खायचे. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. तुम्ही माझ्यासमोर ताटातला पहिला घास खाऊन दाखवायचात, तरी मी हात लावायचे नाही.

शेवटी मला घेऊन दवाखान्यात गेलात. मी बाईंना सांगत होते की जेवणात काहीतरी आहे, आणि तुम्ही टोपी हातात घेऊन मध्येच बोललात, "बाई, ती खरं बोलतीय. मीच गोळी कुटून घालत व्हतो." मला संताप यायला हवा होता. तो आलाही, पण नंतर. आधी आला तो सुटकेचा श्वास. एवढं तरी माझ्या डोक्यातलं नव्हतं.

बाई तुम्हाला म्हणाल्या, "असं लपवून द्यायचं नाही. तिला वाटतं जेवणात काही आहे, आणि खरंच असतं. मग तिनं विश्वास ठेवायचा कशावर?" आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "औषध लागेल, हे पटतं का तुला?"

"थोडं थोडं."

"मग रोजची गोळी घेशील, की महिन्याला एक सुई? सुईत जादू नाही. गोळीसारखंच औषध, तेलात असतं, हळूहळू अंगात उतरतं. हातपाय आखडले तर लगेच सांगायचं. नको वाटलं तर पुन्हा गोळीचं बघू. तू ठरव."

मी म्हणाले, "सुई." मग विचारलं, "आणि जेवणात?"

बाईंनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही गळ्याला हात लावलात. "आन घेतो. आमटीत मीठमसाल्याबिगर काय बी नाय."

लगेच सगळं बरं झालं असं नाही, हे तुम्ही पाहिलंतच. सुरुवातीला सुईबरोबर गोळ्याही होत्या, पण त्या मी माझ्या हातानं घ्यायचे. कंबर दुखायची, बोटं आखडायची, त्यावर वेगळी छोटी गोळी. मोटारीच्या आवाजातल्या बायका आधी पुसट झाल्या, मग कितीतरी दिवस येईनाशा झाल्या. आणि एक दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. तुम्ही ताट ठेवता आणि मला अवघड वाटू नये म्हणून बाहेर निघता. मी म्हणते, "अण्णा, बसा की." तुम्ही उंबऱ्याजवळ बसता. मी भाकरी आमटीत कुस्करते. तुम्ही बघत नाही असं दाखवता आणि म्हणता, "आज झेंडूला लय मंदी हाय." मी विचारते, "आणि शेवंतीला?" गोळी सोडून दुसरं काहीतरी आपण किती महिन्यांनी बोललो होतो! त्या दिवशी तुम्ही बाजाराचं इतकं सांगितलंत की ताटातला हात सुकून गेला.

पण तुमची एक चिंता मला माहीत होती. ओट्यावर आत्याला म्हणालेलं ऐकलं होतं मी, "माझ्यामागं हिचं कोण बघंल?" तेच सांगायला बसले आहे. तुम्ही गेलात आणि दहावा व्हायच्या आतच माझी सुईची तारीख आली. मी पायात चप्पल घातली तशी आत्या दारात आली. "सुतकात कुठं निघाली गं?"

"सुईला."

"चार दिवस म्हागं-फुडं झालं तर काय हुतंय?"

"मला मागं-पुढं करायचं नाहीये आत्या."

ती बाजूला झाली. बसनं मी एकटी गेले, एकटी आले. रडलेही, पण माणसं रडतात तसं. त्यानंतर बालवाडीत शिकवायला लागले. डॉक्टर बदलल्या, औषधही एकदा बदललं, मधे एक वर्ष वाईट गेलं. तारीख मात्र मी सोडली नाही. तुमच्यामागं माझं मी बघितलं, अण्णा.

हा कागद कुठं टपालात टाकायचा नाही, म्हणून अजून एक लिहून ठेवते. सुतकातल्या त्या दिवशी दवाखान्यात सिस्टरांनी सुई भरता भरता विचारलं, "बरोबर कोण आलंय?" मी म्हणाले, "वडील. बाहेर बाकावर बसलेत." तो भास नव्हता. बाक रिकामा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. मी साधं खोटं बोलले.