सूनबाईंचे लेखी मत

सोलापूर,
मंगळवार

चि. सौ. वच्छला हिस अक्काचा आशीर्वाद.

अक्षता आणि तिचे बाळ सुखरूप आहेत ना, बाळाचे वजन किती भरले (आकडा लिही, 'बरंय की' हे वजन नव्हे) आणि करमाळ्याचे पाणी तुला मानवते का, हे आधी कळव. आता वस्तुस्थिती क्रमाने मांडते.

पहिली गोष्ट : लेकीच्या बाळंतपणाला जाताना तू तुझी बालवाडी गुरुवारपर्यंत माझ्या हवाली केलीस. दुसरी : पालकांना वर्गातला भातुकलीचा कोपरा काढून तिथे बाके हवी आहेत, आणि शनिवारच्या पालकसभेसाठी तू त्यावर माझे लेखी मत मागितलेस. तिसरी : बावीस वर्षे अध्यापक विद्यालयाची प्राचार्या राहिलेली आणि 'कृतीतून शिक्षण' या विषयातली डॉक्टर या नात्याने ते मत मी वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच लिहून ठेवले होते. कोपरा काढावा. त्या खेळाला उद्दिष्ट नाही, नियोजन नाही, मूल्यमापन नाही. (तीन पाने झाली.)

खरी कृती कशी असते हे दाखवण्यासाठी सोमवारी मी 'पिठापासून भाकरी' हा पाठ घेतला. चाळीस मिनिटे, अकरा उद्दिष्टे. ज्वारीचे पीठ चाळून, पाणी मापून, मुलांना अर्धवर्तुळात बसवून मी पीठ मळले आणि पहिली भाकरी थापायला घेतली. ती चिरली. दुसरी तीन ठिकाणी चिरली. पीठ निकृष्ट आहे, असा निर्णय मी देत असतानाच पावणेपाच वर्षांची दानेश्वरी कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"बाई, पाणी गार हाय की! उकळतं घालाय पायजे. तुमच्या आईनं शिकवलं न्हाय व्हय?"

(शिकवले होते, वच्छला. तुला. मी तेव्हा आतल्या खोलीत अभ्यास करत होते.)

तुझ्या मदतनीस शिवम्मा इतका वेळ पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्या गरम पाणी घेऊन आल्या. उरलेले पीठ जुळून आले, पण माझे स्थान कायमचे गेले. दानेश्वरीने मला हाताला धरून थेट कोपऱ्यात नेले आणि सून म्हणून रुजू करून घेतले. सासू ती स्वतः. सासरे प्रभुलिंग. घडी घातलेले वर्तमानपत्र घेऊन ते पाटावर बसले आणि दर दोन मिनिटांनी विचारू लागले, "सूनबाई, च्या कुटं हाय?" मी रिकामा कप दिला. त्यांनी फुंकर मारली, घोट घेतला आणि लई गोड झाल्याचे सांगून परत केला. ज्या मी भल्याभल्यांचे प्रबंध परत पाठवले, त्या मी तो चहा दुसऱ्यांदा केला. (साखर कमी घातली. रिकाम्या कपात.) शेजारीण म्हणून आलेली संस्कृती म्हणाली, "तुमची सून लई शिकलेली हाय म्हणं." सासूबाई म्हणाल्या, "शिकलीया. पर उपेग काय?"

बाकांसाठी सर्वात पुढे असलेल्या त्या पालकबाई नेमक्या तेव्हाच दारात आल्या. मी डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात बसलेली. उठू लागले तर सासूबाई कडाडल्या, "बस! भांडी राहिलीत." मी बसले. पालकबाईंनी विचारले, "मॅडम, यातून मुलं शिकतात काय?" माझी तीन पाने माझ्या पर्समध्ये होती. पण वच्छला, तुझ्या नोंदवहीत प्रभुलिंगच्या नावापुढे जूनपासून 'वर्गात बोलत नाही' असे आहे. माझ्या अकरा उद्दिष्टांतही तो गप्पच होता. चहावर मात्र त्याने तेवढ्या वेळात चौदा वाक्ये उच्चारली, मी मोजली. तेवढेच मी बाईंना सांगितले. त्या प्रभुलिंगच्याच आई निघाल्या. त्या चपला काढून आत आल्या आणि सासऱ्यांना विचारले, "मला पण च्या मिळंल का?"

तेव्हा माझे मत असे : कोपरा राहावा. हे मत सभेत मी स्वतः वाचून दाखवीन. अक्षताला आणि बाळाला माझे आशीर्वाद सांग.

तुझी,
अक्का

ता. क. : तू गुरुवारी परतण्याची घाई करू नयेस. बाळंतिणीला आईची गरज असते.

ता. क. दुसरा : अक्षताचे निमित्त मी उगाच पुढे केले. शुक्रवारी आमच्या कोपऱ्यातल्या घरी नणंदेचे लग्न आहे आणि पंगतीचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. तू आलीस की दानेश्वरी ते काम तुला देईल, याची मला खात्री आहे. म्हणून पुढच्या सोमवारीच ये. हे पत्र तुझ्या यजमानांच्या हाती देते. त्यांच्याच हाती संमती लिहून पाठव. फोनवर तू नुसती हसशील. मला उत्तर लेखी हवे, सहीसकट.