खरखर

परतूर, संक्रांतीची संध्याकाळ, १९५८

चि. दत्ता मुंबईच्या प्रयोगशाळेत काय करतो, ते आज समजले. ताऱ्याचा मंद उजेड टिपणारी नळी व तिच्या विजेच्या तारा तो द्रवरूप हवेने थंड करतो. उबेत त्या स्वतःच खरखरतात आणि त्या खरखरीत उजेड हरवतो.

सौ. तिळगूळ वाटत म्हणाली, "मंग यांनाबी बुडव त्यात! चार दिवस पोरगं काही सांगायला बघून राह्यलं, पन हे बोलू देतील तर!"

खरखर म्हणे! मी इतका बोलतो काय? रागाने गप्प बसलो.

बऱ्याच वेळाने दत्ता पुटपुटला, "बाबा, तिथं एकट्याला करमत न्हाई. तुमी दोघं चला ना."

इतका मंद स्वर. माझ्या खरखरीत हरवलाच असता.

"येतो," म्हणालो. पुढे एक शब्दही बोललो नाही.