चपलांची शाळा

टेंभुरवाडी, जानेफळजवळ
८ जानेवारी २०२५

चि. पायलला मामाचे मंगल आशीर्वाद आणि जयभीम.

वि. वि. फोन असताना पत्र काऊन लिहिता, असं तुझी मामी विचारून राहिली. फोनवर मी बोलायला लागलो की नेमकी तुझी रेंज जाते, हे मला कळत नाही असं समजू नकोस. कागदाची रेंज जात नाही.

कारण असं की आपल्या वाडीची जिल्हा परिषदेची शाळा मिटवून पोरं जानेफळच्या मोठ्या शाळेत न्यायचा सरकारचा विचार आहे. पट कमी, म्हणे. गेल्याच वर्षी भिंतीवर आगगाडी रंगवली, मोठा टीव्ही दिला. आता शाळा सुधारायची म्हणून शाळाच उचलतात! दात दुखतो म्हणून गेलो, तर जबडाच काढून ठेवा म्हणाले, तसं झालं.

पोरं पाच आहेत, कबूल. दुसरीत एकटी मनाली, शेजारच्या मंजुळाबाईची नात. आईबाप वीटभट्टीवर, म्हातारीच तिला सांभाळते. म्हातारीनं स्वच्छ सांगितलं की पोरगी गावाबाहेर धाडणार नाही, शाळा गेली तर शेळ्या राखेल. म्हणजे शाळा नाही, पोरगी बंद होणार आहे. माझा बाप ह्याच शाळेत दाराबाहेर, चपलांजवळ बसून शिकला. आत बसायचा हक्क आपण भांडून घेतला, तो काय कुलूप पाहायला? सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत मी बोलणार. दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या बैठकीत शिक्षकांकडून तू बोलणार आहेस, असं कळलं. तिथे हेच ठणकावून सांग.

भांडलीस तरी चालेल, माया आटू देऊ नकोस.

तुझा मामा,
गुलाबराव

अमडापूर
१५ जानेवारी २०२५

आदरणीय मामांस सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं. एवढ्या मोठ्यानं लिहिलंय की शेजारणीलाही ऐकू गेलं असेल. पण मामा, मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही.

इथे येण्याआधी मी एकशिक्षकी शाळेत होते. माझ्या चौथीत एकच मुलगा. पहिला तोच, शेवटचाही तोच. पुढे मोठ्या शाळेत गेला आणि वर्षभर तोंड उघडेना. आपलं उत्तर चुकतं तसं दुसऱ्याचंही चुकतं, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. इथे आमच्याकडे कबड्डीचे दोन संघ होतात, भांडणं होतात, कट्टी होते, बट्टी होते. तीही शाळाच ना? तुम्ही दाराच्या आत बसायचा हक्क मागितलात. आत कुणीच नसेल तर?

भाषण रचण्याआधी एकदा मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन बसा. बोलू नका, नुसते बसा. जड जाईल, ठाऊक आहे. मामी म्हणतात तुम्ही गाईला वैरण घालतानाही बंधूंनो म्हणता. मीही तुमचं ऐकते. आमच्याकडे मुलांची बस येते, तिच्यात एकदा सकाळी बसून पाहते.

रागवा, पण नेहमीइतकंच.

आपली,
पायल

टेंभुरवाडी
२७ जानेवारी २०२५

चि. पायलला अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तू मला कुठे नेऊन सोडलंस पोरी!

मी जाऊन बसलो. चार लहानगी खिचडी खाऊन आपसांत खेळत होती. मनाली दुसऱ्या टोकाला. ती उकिरड्यावरच्या तुटक्या, एकेकट्या चपला गोळा करते आणि व्हरांड्यात ओळीनं मांडते. प्रत्येकीला नाव. मग हजेरी. हाक तीच देते, हजरही तीच म्हणते. एक निळी चप्पल बडबडते म्हणून कोपऱ्यात उभी केली होती. तिचं नाव करिष्मा. मी विचारलं, ही कोण? तर म्हणाली, माही मैत्रीण.

माझा बाप चपलांजवळ बसला, पण त्याच्यापुढे आत माणसं तरी होती.

काल ग्रामसभेत उभा राहिलो. खिशात शाळा वाचवायचं भाषण, आणि तोंडातून निघालं की पोरांना मोठ्या शाळेत जाऊ द्या. माणिकराव सरपंचांच्या हातातला चहा तसाच राहिला. मागून कोणीतरी ओरडलं, काऊन बे, पार्टी बदलली काय! मंजुळाबाई तर उठून म्हणाली की तुमी बोलता तवा मले तं काईच समजत नाई, पन आज तुमाले तरी समजून राह्यलं काय? म्हातारी मनालीला धाडणार नसेल, तर मी नेमकं कोणाचं भलं केलं?

माझ्यावर हस, पण लवकर लिही.

तुझा मामा,
गुलाबराव

अमडापूर
२७ जानेवारी २०२५

आदरणीय मामांस सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही जिंकलात. आत्ताच बुलढाण्याहून आले.

त्या बसमध्ये बसले होते. पहिल्या थांब्यावरची चिमुरडी माझ्या मांडीवर झोपली आणि पहिल्या तासालाही झोपूनच होती. शेवटच्या वस्तीत बस जातच नाही, पोरं नाला ओलांडून येतात. तिथे एक आजोबा नात सोडायला आले होते. त्यांनी विचारलं की बाई, सांजीले गाडी नाई आली तं म्या कोनाले इचारू? मला मंजुळाबाईच दिसल्या.

बैठकीत तुमचंच वाक्य वापरलं, शाळा नाही, पोरगी बंद होते. टाळ्या पडल्या. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, की बाई, बोलायची परवानगी मागताना तुम्ही अर्जात तर उलट लिहिलं होतं? मी म्हटलं, तेव्हा मी बसमध्ये बसले नव्हते. घरी येताना मात्र तो चौथीतला गप्प मुलगा डोक्यातून जाईना.

काल तुम्ही सभा गाजवलीच असेल. आपण दोघांनी मिळून शाळा वाचवली, मामा!

मामींना सांगा, यंदा भाची मामावर गेली.

आपली,
पायल

टेंभुरवाडी
५ जुलै २०२५

चि. पायलला आशीर्वाद आणि जयभीम.

जानेवारीत आपली पत्रं चिखलीच्या आसपास एकमेकांना ओलांडून गेली असतील. मामी अजून हसते. मी लाजेनं लिहिलं नाही.

शेवटी वरून उत्तर आलं की स्थानिक मत स्पष्ट होत नाही, सबब शाळा आहे तशी राहील. मामा-भाचीनं मिळून सरकारलाही गोंधळात टाकलं.

आता मनालीचं ऐक. शाळा उघडायच्या आठवड्यात मंजुळाबाई दारात उभी. म्हणाली, सभेत न्या न्या करत होते, तं चाला, मी पाह्यतो तुमची मोठी शाळा. तिघं एसटीनं जानेफळला गेलो. वर्गाच्या दाराशी चपलांचा हा ढीग! मनाली तिथेच थबकली. मग खाली बसून त्या ओळीनं लावू लागली. तेवढ्यात घंटा झाली, पोरं धावत आली, प्रत्येक चपलेत एकेक पाय शिरला आणि सगळ्या चपला अंगणात पळत सुटल्या. पोरगी आ वासून पाहत राहिली. मग तीही पळाली.

म्हातारी तिच्यामागे दोन पावलं गेली. नंतर म्हणाली, धाडतो, पन संगं मी बी येतो. आता रोज एसटीनं जाते आणि सुट्टी होईपर्यंत शाळेच्या निंबाखाली बसते. किती दिवस जाईल, कोण जाणे.

वाडीच्या शाळेत उरली चार. जी शाळा वाचवायला निघालो, तिचा पट मीच कमी केला. पंधरा ऑगस्टला बोलायला बोलावलंय, पण कोणत्या बाजूनं बोलू?

जाताना मनाली ती निळी करिष्मा माझ्या हातात देऊन गेली. म्हणाली, हिले आपल्याच शाळेत धाडत जा, नाईतं शाळा बंद पडन. मी रोज सकाळी तिला व्हरांड्यात नेऊन ठेवतो. गुरुजी हसतात. काल मात्र हजेरी घेताना त्यांनी तिचंही नाव घेतलं, आणि हजर मी म्हणालो.

माया कळव, आणि जमलं तर मतही.

तुझा मामा,
गुलाबराव