न आलेले काका

राजसी,

तू झोपली होतीस तेव्हा, परवा ज्या लग्नाचं चित्र तू काढलंस त्या नवरीच्या आईचा फोन आला. रुसून लग्नाला न आलेले नवरीचे काका तू चित्रात हसताना दाखवायचे म्हणे! माझ्या लग्नात मामा रुसले, तेव्हा माझे वडील, आबा, बेलवलीला चालत जाऊन, हात जोडून त्यांना घेऊन आले होते. या लोकांना वाटतं, ब्रश फिरवला की झालं.

त्यांचं चित्र जसं आहे तसं मी रिक्षाने उल्हासनगरला पोचवते. काका हवे असतील तर त्यांच्या दारात जा, असं तोंडावर सांगणार आहे.

उद्या प्रदर्शनाला द्यायच्या तुझ्या चित्रातल्या बायकांना अजून चेहरे नाहीत. आज तेवढंच कर. तुझा मोबाइल मी नेते आहे, शोधत बसू नकोस.

आजी