नेत्रबाण म्हणजे बावन्न

अण्णा, गेल्या रविवारी दिंद्रुड आणि कडा या दोन स्टेशनांच्या मधे मी दोन गाड्या समोरासमोर घातल्या. कोणी दगावलं नाही. दगावण्यासारखं त्या डब्यांत होतंच कोण? मिस्त्रींनी खिडक्यांना चिकटवलेली कागदी माणसं तेवढी, आणि ती तुमच्या काळापासून एकाच बाजूला तोंड करून बसलेली आहेत. धडक बोगद्यात झाली, त्यामुळे दिसली नाही. नुसता टक् असा आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. मग सगळं गप्प झालं. भिंतीवरचं घड्याळ तेवढं पुढे पळत राहिलं.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी ती खोली तशीच आहे. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाची माडी, खालून येणारा वॉर्निशचा वास, तीन भिंतींना टेकलेल्या प्लायवूडच्या फळ्या आणि त्यांवर वीतभर उंचीची तुमची रेल्वे. केजला रेल्वे नव्हती, अजूनही नाही. पण ज्या गावाला रेल्वे नाही त्याला वेळापत्रक तरी असावं, असं म्हणून शाळेतल्या संस्कृतच्या मास्तरांनी, म्हणजे तुम्ही, हे मंडळ काढलं, हे आजही कोणा पाहुण्याला सांगितलं तर तो आधी हसतो आणि मग माझ्याकडे जपून बघतो. केज, दिंद्रुड, कडा, अशी तीन स्टेशनं आणि एकेरी रूळ. दिंद्रुडनंतर थेट कडा येतं हे पाहून भूगोलाचे सर जिना उतरले ते पुन्हा चढले नाहीत. तुम्ही म्हणालात, व्याकरणात अपवाद चालतो तर भूगोलात का नाही. बीडपर्यंत आता खरी गाडी आली आहे, अण्णा. तुम्ही असता तर पहिल्या दिवशी जाऊन तिची वेळ चुकली का ते पाहून आला असतात.

दर रविवारी दुपारी ड्यूटी असते. माणसंही तीच, फक्त जुनी झालेली. एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर मामा पडद्याआड तक्ता घेऊन बसतात आणि फोनवरून हुकूम देतात. कड्याला माजी सरपंच, ज्यांची गाडी कायम आधी जायची असते. केजला मिस्त्री, म्हणजे दुकानाचे मालक. सगळ्या तारा, सगळी इंजिनं त्यांचीच. आणि मधल्या दिंद्रुडला, तुमच्या स्टुलावर, मी. घड्याळ तुमच्याच हट्टानं सहापट धावतं, दहा मिनिटांत एक तास. चार तासांत अख्खा दिवस संपतो. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. आता त्या घड्याळाकडे पाठ करून बसता येईल अशी जागा मी शोधत असते, पण दिंद्रुडला तशी जागा नाही.

आणि ते आकडे. फोनवर पन्नास आणि पंचावन्न गुंततात, म्हणून गाड्यांचे नंबर शब्दांत सांगायचे, हा तुमचा नियम. जुन्या ज्योतिषांची रीत: नेत्र म्हणजे दोन, वेद चार, बाण पाच, ऋतू सहा. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लाल शाईनं लिहून ते कोष्टक तुम्ही मला दिलंत. मी दहावीत पहिली आले त्याचं ते बक्षीस. मैत्रिणींना घड्याळं मिळाली होती. खाली अधोरेखित एक ओळ: अंकानां वामतो गतिः. आकडे उजवीकडून डावीकडे चालतात. आधी म्हटलेला शब्द एकंचा, नंतरचा दहंचा. म्हणून नेत्र-बाण म्हणजे पंचवीस नव्हे, बावन्न. सरपंच पहिल्यांदा आले त्या दिवशी हे ऐकून म्हणाले होते, "गुर्जी, नेत्रबाण म्हंजी लावणीतलं वाटायलंय की वो. मालगाडीला हे नाव शोभत न्हाई." तुम्ही कानापर्यंत लाल झाला होतात, आणि तरी सरपंचांकडून ते दहा वेळा घोकून घेतलंत.

स्वयंपाकघरातली ती सकाळ मला फार आठवते. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर, मी उभी. तो आईला स्मरतो, याचं संस्कृत कर. मी म्हणते, मातरं स्मरति. तुमचा चेहरा बदलतो. "मातुः स्मरति. आठवण्याचं कर्म षष्ठीत जातं, द्वितीयेत नाही. किती वेळा सांगायचं?" मी रडवेली होऊन विचारते, का पण? तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता आणि म्हणता, "कारण आठवणाऱ्या माणसाला कुणी पूर्ण आठवत नाही. त्याचं थोडं काहीतरी आठवतं." आई तव्यावरून मान न वळवता म्हणाली होती, "तिला आधी पोटभर जेवू द्या, मग काय आठवायचं ते आठवा." हे कारण तुम्ही त्याच क्षणी रचलं होतंत, हे मला पुढे शिकवायला लागल्यावर कळलं. तरी माझ्या वर्गात मी तेच सांगते.

तर रविवार. माझ्या स्टेशनात दोन गाड्या उभ्या होत्या. पंचवीस नंबरची पॅसेंजर कड्याकडे तोंड करून, बावन्नची मालगाडी केजकडे. कड्याहून सरपंचांची मेल निघालेली. फोन वाजला.

"दिंद्रुड, ऐकायलाव का? नेत्र-बाण सोडा."

"नेत्र-बाण सोडते," मी म्हटलं. शब्द स्वच्छ, उच्चार तुम्ही मान डोलवावी असा. रजिस्टरात लिहिलं, पंचवीस. बटण फिरवलं. पॅसेंजर डौलात निघाली आणि बोगद्यात शिरली.

"ओ ताई! कुनीकडं सोडली? माझी मेल आत हाय!" सरपंच ओरडले. "मिस्त्री, करंट काप बे!"

मिस्त्रींनी मेन स्विच पाडला तोवर तो आवाज येऊन गेला होता.

सरपंच लगेच हसायला लागले. "चला, बीडला रेल्वे आली तसा अपघात बी आला. आता चौकशी समिती नेमा, अध्यक्ष मी." मीही हसले. मामा पडदा सारून बाहेर आले. ते हसत नव्हते. "ताई, तुमी परत तर बरोबर म्हणलात. मंग कावून?"

"चष्मा," मी म्हटलं.

मामांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे. अण्णा, दोन माणसं एकमेकांकडे तसं बघतात तेव्हा ती गोष्ट त्यांच्यात आधी बोलून झालेली असते. मला ते ओळखता येतं, कारण तसं मी स्वतः बघितलेलं आहे, तुमच्या डोक्यावरून.

तुमचंही असंच सुरू झालं होतं. ऋतू-वेद म्हणजे सेहेचाळीस, तुम्ही चौसष्ट लिहिलंत. मी शेजारी उभी राहून खिदळले, "अण्णा, वामतो गतिः!" तुम्ही माझ्यावर असे डोळे वटारलेत की मी एम.ए. झालेली बाई पुन्हा त्या पाटासमोर उभी राहिले. त्यानंतर मी बोलले नाही. तुम्ही पेन्सिलनं लिहायचात. ड्यूटी संपली की रजिस्टर आवरायच्या निमित्तानं मी खोडरबर घ्यायची. पाच-सहा महिने. दादा पुण्याहून आला, म्हणाला, अण्णा मला दोनदा एकच प्रश्न विचारतायत, मोठ्या डॉक्टरला दाखवू. तेव्हा मी त्याच्यापुढे ते रजिस्टर उघडून धरलं. "हे बघ. एक तरी चूक आहे का?" नव्हती. दादा परत गेला. मला वाटलं, मी तुमची अब्रू राखली. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही एसटीनं परळीला गेलात आणि तिथल्या रेल्वेच्या फलाटावर सहा तास बसून राहिलात. चहावाल्यानं तुमच्या खिशातल्या चिठ्ठीवरून मला फोन केला. तो म्हणाला, "बाबा म्हणायलेत कड्याची गाडी लागली का. अशी गाडीच न्हाई वो हितून." मी आले तेव्हा तुम्ही उठून मला जागा दिलीत आणि अदबीनं विचारलंत, बाई, आपण कुठल्या? घरी आणताना बसच्या पायरीवरून तुम्ही पडलात, मांडीचं हाड मोडलं, आणि त्या खाटेवरून पुन्हा उठला नाहीत. दादानं मला कधी बोल लावला नाही. त्यानं बोल लावला असता तर बरं झालं असतं.

व्याकरणात लोप झालेला वर्ण नाहीसा होत नाही, फक्त दिसत नाही; त्याचं कार्य चालू राहतं. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. तुमच्या शेवटच्या महिन्यांत हे वाक्य मी स्वतःला बरंच ऐकवलं. त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

रविवारी सगळे खाली चहाला गेले. अपघाताचा शेरा लिहायला म्हणून मी मागे राहिले आणि रजिस्टरची पानं मागे उलटत गेले. एका पानावर बोट अडलं. माझ्या काळ्या शाईच्या ओळीत एक आकडा निळा होता. तिथला कागद ब्लेडनं खरवडून पातळ केलेला, कचेरीतले जुने कारकून करतात तसा. वर नवा आकडा माझ्यासारखाच काढायचा प्रयत्न केलेला. पान खिडकीशी धरलं तर तेवढ्या जागेतून उजेड आला. मागचं पान धरलं, तिथेही. मी मोजायला लागले आणि आठाला थांबले. पोळ्याच्या आधीपासूनचे.

मग मला प्रश्न पडला, की आठ वेळा मी उलटं वाचलं तर गाड्या आठ वेळा का आदळल्या नाहीत? मामांचा तक्ता पडद्यामागे तसाच पडला होता. तो पाहिला. गेले चार महिने माझ्या स्टेशनात एका वेळी एकच गाडी. एकच उभी असेल तर नंबर काहीही लिहा, सुटणार तीच. मला वाटत होतं, मामा म्हातारे झाले, आखणी ढिली पडली. एकदा मी त्यांना तसं चिडवलंही होतं. ते म्हणाले होते, "व्हय ताई, वय झालं." या रविवारी सरपंचांनी मेल आधी पाहिजे म्हणून हट्ट धरला, तक्ता विसकटला, आणि माझ्या पुढ्यात दुसरी गाडी आली. सरपंचांना बिचाऱ्यांना काही माहीत नाही. जिल्ह्यात इतकी वर्षं गुपितं सांभाळूनही हे एक त्यांच्यापासून लपवलं गेलं, याचं मला त्या अवस्थेतही कौतुक वाटलं.

मी रजिस्टर मिटून जागेवर ठेवलं. खाली गेले. मिस्त्रींनी कप पुढे केला. माझ्या चहात साखर नसते, ते न विचारता तसाच आणलेला. "पुढल्या रविवारी येताव न्हवं ताई?"

"न येऊन जाते कुठे," मी म्हटलं. त्यांच्या खिशाला निळं पेन होतं. निळं पेन कुणाच्याही खिशाला असतं.

आज गुरुवार. शाळेत माझी अजून सहा वर्षं नोकरी आहे. संभाजीनगरच्या डॉक्टरांचा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवला आहे. लेकीनं रात्री फोनवर विचारलं, काय गं, कशी झाली रविवारची ड्यूटी? मी तिला धडकेची गोष्ट सांगितली, सरपंचांची नक्कल करून, आणि ती इतकी हसली की मला पुढचं सांगता आलं नाही. सांगायचं होतं की नाही, हेही आता नक्की सांगता येणार नाही. हे पत्र ठेवायचं नाही, ती दिवाळीला येऊन कपाटं आवरते.

एक मात्र तुम्हाला सांगते. चौदा वर्षं मी स्वतःला विचारत आले, तुम्हाला ते खोडरबर कधी कळलं होतं का, आणि कळलं असेल तर तुम्ही माझा हात का धरला नाहीत. ती पानं उजेडाला धरून उभी होते तेव्हा मला राग यायला हवा होता, निदान लाज तरी. तसं काही झालं नाही. बरं वाटलं, अण्णा. कोणीतरी आहे, असं वाटलं. आणि डॉक्टरांचा नंबर अजून मी लावलेला नाही.